पाखऱ्याचं आवतण

निवृत्तीनंतर माणसाला एखादा नाद असावा, असं आमच्या सौ.चं मत आहे. फक्त तो घरात पसारा करणारा नसावा, अशी पुरवणी ती लगेच जोडते. माझा नाद दगडाचा आहे आणि दगड आपापल्या जागी असतात, त्यामुळे आमचा संसार टिकला. मी शरभ पाहत हिंडतो.

तुम्ही किल्ल्यावर जाता, दरवाजात उभं राहून एकमेकांचे फोटो काढता, आणि मान काही वर करत नाही. केली असती तर कमानीच्या अंगाला एक जनावर दिसलं असतं. अंग सिंहाचं, खांद्यांना पंख, चेहऱ्यावर तपासणीला आलेल्या साहेबाचा भाव आणि पंजाखाली एक केविलवाणा हत्ती. तो शरभ. साताऱ्याच्या एका शाळेत मी जन्मभर भूमिती शिकवली, पण आळीतली पोरं मला शरभसर म्हणतात. पाठीमागे आणखी काही म्हणत असतील तर ते मला ठाऊक नाही.

नावाबद्दल थोडं सांगून ठेवतो, कारण पुढे या नावानेच माझी फजिती केली. जुन्या संस्कृतात शरभ म्हणजे एक प्रकारचं हरीण. मग कोणाच्या मनात काय आलं कोण जाणे, त्या हरणाला आठ पाय फुटले, ते बर्फाच्या डोंगरात राहायला गेलं आणि सिंहाला मारू लागलं. आपल्याकडच्या पाथरवटांनी आठातले चार पाय कमी केले आणि पंख लावून हिशेब मिटवला. व्युत्पत्तीवाले म्हणतात, ‘शॄ’ म्हणजे फाडणे. जो फाडतो तो शरभ. हे ऐकायला भारदस्त वाटतं. पण कोशात अगदी शेवटी आणखी एक अर्थ दिलेला असतो, तो मी व्याख्यानात सहसा सांगत नाही. शरभ म्हणजे टोळ, नाकतोडा.

तर यवतमाळकडे एक संग्रहालय व्हायचं घाटत होतं. तिथल्या साहेबांनी माझा एक लेख वाचला आणि फोन केला. राळेगाव तालुक्यात बोरझरी नावाच्या गावात पंखवालं एक दगडी जनावर आहे. ते जुनं आणि मोलाचं असेल तर उचलून संग्रहालयाच्या दारात बसवायचं, नसेल तर राहू दे तिथेच. ‘तुम्ही येऊन सांगा सर, तुमचा शब्द शेवटचा.’ हे वाक्य मला आमच्या घरात आजवर कोणी ऐकवलेलं नाही. मी त्याच दिवशी तिकीट काढायला गेलो. त्यात माझाही स्वार्थ होता. माझं पुस्तक जवळजवळ लिहून झालं होतं, फक्त शेवटचं प्रकरण आणि मुखपृष्ठ रिकामं होतं. इतक्या पूर्वेकडचा शरभ माझ्या माहितीत कोणी पाहिलेला नव्हता. तो मला मिळाला असता तर बाकीचे शरभवाले जन्मभर जळले असते. (आम्ही महाराष्ट्रात एकंदर चार-पाच जण आहोत, पण जळायला तेवढे पुरतात.)

धामणगावहून पुढे

रेल्वेने धामणगाव आणि तिथून एसटीने यवतमाळ. स्टँडसमोर मी पोहे मागितले. आम्ही साताऱ्याचे लोक तिखट खातो अशी आमची एक जुनी समजूत आहे. पोह्यांवर त्या माणसाने न विचारता लाल तर्री ओतली. दुसऱ्या घासाला माझे कान वाजायला लागले आणि तिसऱ्या घासाला ती समजूत गेली. डोळे पुसत मी बाहेर आलो, तेव्हा एका जीपवाल्याने मला धीर दिला, ‘रडू नका जी, यंदा सरकी महाग झाली तं आमी बी रडून राह्यलो.’

हा सलीमभाई. जीप त्याची स्वतःची, दुरुस्तीही स्वतःची. त्याचे वडील नालबंद होते, म्हणजे बैलांच्या खुरांना नाल ठोकणारे. तालुक्यातले निम्मे बैल अब्बांच्या हातचे नाल घालून चालले, हे त्याने मला पहिल्या दोन मैलांतच सांगितलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरांत यवतमाळचं नाव रोज यायचं आणि तिकडे रोज कोणी ना कोणी चौकशीला यायचं. त्यामुळे बाहेरचा माणूस दिसला की त्याची जात, गाव, पगार न विचारता लोक एकच विचारत.

‘कोन्त्या समितीतले?’ सलीमभाईने विचारलं.

‘कुठल्याच नाही.’

‘मंग पेपरवाले?’

‘नाही हो.’

‘मंग इकडं कायले येऊन राह्यले?’

‘बोरझरीला. तिथे पंखवालं दगडी जनावर आहे म्हणे.’

‘असं सांगा ना! पाखऱ्याले पाहाले!’ तो एकदम खूश झाला. मग मान हलवून म्हणाला, ‘पाहून घ्या लवकर. नेऊन राह्यले त्याले. साताऱ्याहून कोनी मास्तर येनार हाये म्हने, तो हो म्हनन तं टेम्पो भरन. असा मास्तर कोठी भेटला ना सर, तं त्याले मी पैदल चालवीन.’

‘तो मास्तर मीच,’ मी म्हणालो. मला खोटं बोलता येत नाही असा त्या वेळपर्यंत माझा समज होता.

यानंतर सलीमभाई बोलायचा थांबला आणि जीप बिघडायला लागली. कळंबच्या अलीकडे तिचा पट्टा सैल झाला, पलीकडे पाणी तापलं. मग एका सागाच्या जंगलात तिला काय झालं ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. सलीमभाई बॉनेट उघडून आत पाहत होता आणि अधूनमधून माझ्याकडेही त्याच नजरेने पाहत होता. पण बिघाड अगदी जागा पाहून होत होते, हे मान्य करायला हवं. एका बाजूला टेकडीवर साग फुलोऱ्याला आलेला, दुसऱ्या बाजूला नजर पोचेल तिथपर्यंत काळी जमीन आणि तिच्यावर पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, हिरवी तासं, मध्ये पिवळी फुलं. आमच्याकडे उसाच्या फडाने दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. इथे एवढं मोकळं दिसतं की माणसाला उगाच मोठा श्वास घ्यावासा वाटतो.

बोरझरीच्या वेशीवर उतरलो आणि पहिलंच पाऊल चिखलात टाकलं. पाय वर आला, चप्पल आली नाही. मी वाकून कोपरापर्यंत हात घातला, तरी नाही. सलीमभाई आता जरा प्रसन्न दिसला. ‘आमची माती हाये जी ते. घेतलं तं वापस नाई देत.’

बोरझरी, पोळ्याचा आदला दिवस

मी एका पायात चप्पल घालून वामनभाऊंच्या घरी पोचलो. वामनभाऊ गावचे पोलीसपाटील. मिशा भरघोस आणि आवाज मिशांच्या मानाने फार मऊ. त्यांच्या ओसरीवर आधीच दहा-बारा माणसं बसलेली होती, आणि प्रत्येकाच्या हातात काडीपेटी होती. मला वाटलं विडीवाले असतील. एकेकाने येऊन काडीपेटी माझ्यासमोर उघडली, तर आत अळी. बोंडअळी. ‘पाहा साहेब. फवारलं तरी मरत नाई. बियान्याच्या थैलीवर लिवलं होतं येनार नाई म्हनून.’ सलीमभाईने मी समितीतला नसल्याचं सांगितलं, तरी लोकांनी अळ्या दाखवायचं थांबवलं नाही. आलेल्या माणसाला दाखवायची, ही आता तिथली रीतच झाली होती. मी प्रत्येक अळी चष्मा लावून पाहिली. एवढ्या दुरून येऊन ‘माझा विषय नाही’ असं मला म्हणवेना.

मग मी मूळ विषय काढला. ‘ते जनावर कुठे आहे?’

काडीपेट्या पटापट मिटल्या. वामनभाऊ म्हणाले, ‘ते? ते काई नाई जी. गोटा हाये साधा. बम फालतू.’ आणि हे बोलून झाल्याबरोबर त्यांनी हळूच दोन्ही कानांच्या पाळ्यांना हात लावला आणि हात जोडून आखराच्या दिशेने पाहिलं. आखर म्हणजे गुरं जमतात ते गावाबाहेरचं मैदान. एवढा फालतू गोटा, आणि त्याची एवढी माफी!

‘जरा पाहून येतो,’ म्हणून मी उठलो. वामनभाऊंच्या पत्नी शोभाताई ताट घेऊन दारात उभ्या. ‘जेवल्याशिवाय कसे जासान?’ जेवलो. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर कच्चं तेल. पुन्हा उठलो. शेजारच्या घरून पाटोडीचा रस्सा आला. तो नाकारला तर शेजारीण दुखावेल असं मला बजावण्यात आलं. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा कढी-गोळे आले आणि मला नीट उठता येईना. आमच्याकडे पाहुण्याला ‘चहा घेणार का’ असं विचारतात आणि तो ‘नको’ म्हणाला की सुटल्यासारखा चेहरा करतात. इथे अख्खं गाव मला जेवणाने वेढा घालून बसलं होतं. दगड जुना निघाला तर तो जाणार, आणि दगड पाहायला मास्तराला उठता आलं पाहिजे, एवढा सरळ विचार होता त्यांचा.

बसलोच आहे तर निदान ज्ञान द्यावं, म्हणून मी शरभाची माहिती सुरू केली. सिंहाचं अंग, पंख, पंजाखाली हत्ती, सगळं रंगवून सांगितलं. लोक तोंडं उघडी टाकून ऐकत होते, त्यामुळे मी वाहवत गेलो आणि नावाच्या व्युत्पत्तीवर आलो. हरीण सांगितलं, फाडणारा सांगितला, आणि भरात कोशातला शेवटचा अर्थही सांगून बसलो.

‘टोळ?’ मागून एकाने विचारलं. ‘म्हंजे पिकं खाते थे?’

‘हो, तसा एक अर्थ—’

‘मंग याच्यावर बी फवारनी करा लागन!’

ओसरी हसून लोळली. काडीपेटीतल्या अळ्यासुद्धा हसल्या असतील. हसू ओसरल्यावर वामनभाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘सर, तुमचा शरभ तिकडं साताऱ्याले असन. हा तं बैल हाये.’

‘बैलाला पंख असतात का?’

‘पाखऱ्याले हायेत. म्हनून तं पाखऱ्या.’

यावर एकाने हरकत घेतली, की पंखांमुळे नव्हे. गावातल्या पहिल्या कापसाची गाडी ज्याने ओढली त्या बैलाचं नाव पाखऱ्या, त्याच्या खांद्यावर पाखराच्या पिसांसारखे पांढरे ठिपके होते. मीही मग मागे हटलो नाही. म्हटलं, पाखर हा जुना शब्द आहे. लढाईत घोड्या-हत्तींच्या अंगावर घालायचं ते कवच म्हणजे पाखर. आपण मायेची पाखर म्हणतो ती हीच. तर पाखर घातलेला तो पाखऱ्या. मला ही व्युत्पत्ती तिथल्या तिथे सुचली होती आणि मी तिच्यावर खूश होतो. वामनभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘असन जी,’ ते म्हणाले, ‘आमचे बाबा पाखऱ्या म्हनत, म्हनून आमी बी म्हनतो.’

ऊन उतरलं तेव्हा गाव आपोआपच आखराकडे निघालं, कारण ती खांदशेकणीची संध्याकाळ होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे, वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले, लोणी-हळदीने चोळतात, पळसाच्या गरम पानांनी शेकतात. मला आता कोण अडवणार? मी एका पायात चप्पल घालून सगळ्यांच्या पुढे होतो.

लिंबाच्या झाडाखाली ओट्यावर तो होता. कमरेएवढा उंच. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेल-गेरूने लालकाळा झालेला, डोक्याला सुतळीने बाभळीची दोन शिंगं बांधलेली आणि शिंगांना बेगड. पण सुतळी-बेगडाखालून तो मान वळवून ज्या ऐटीत पाहत होता, ती ऐट बैलाची नव्हती. खांद्यापासून मागे गेलेले पंख, एकेक पीस मोजून घ्यावं असं. उरले होते फक्त पाय. खूर की नखं? पायांवर गेरूचा जाड थर होता. मी खिशातून चाकू काढला.

‘लोखंड नाई लावाचं!’ चारी बाजूंनी ओरडा झाला. आज आणि उद्या बैलाला लोखंड, चाबूक, जू काही लागत नाही. मी ओशाळून चाकू खिशात घातला.

‘लोनी लावा ना,’ एक बाई म्हणाली. ‘लोन्याले कोन नाई म्हनते?’

ती गयाबाई. साठीची, काटक, कपाळाला मोठं कुंकू. तिने माझ्या हातावर लोण्याचा गोळा ठेवला आणि स्वतः पाखऱ्याचा खांदा चोळायला बसली. मी पुढच्या पायापाशी बसलो. लोणी चोळत गेलो तसा गेरू मऊ झाला, आणि माझ्या अंगठ्याला एक नख लागलं. मग दुसरं. मग नखांखाली काहीतरी गुळगुळीत, वळलेलं. सोंड. पंजाखाली इवलासा हत्ती होता. माझं मुखपृष्ठ माझ्या हाताखाली होतं. मला ओरडावंसं वाटलं.

ओरडलो नाही, कारण शेजारी गयाबाई बोलत होती. ती माझ्याशी बोलत नव्हती.

‘लय थकला न बाप्पा तू? यंदा पानी बी धड नाई आलं. खांदा पाह्य कसा झाला तुया.’ दगडाच्या खांद्याला ती पळसाचं गरम पान लावत होती, फुंकर घालत होती. मग तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं. ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’

‘हे आवतण सगळ्यांना देतात?’ मी विचारलं.

‘फक्त बैलाले. मानसाले कायले द्याचं? मानूस तं सोताच येते.’ तिने माझ्या पोटाकडे पाहिलं, असं मला वाटलं. मग हात पुसत सरळ सांगितलं, ‘माही जोडी वैशाखात इकली. लेक म्हने ट्रॅक्टर लावू भाड्यानं. पोया आला की गोठ्यात जाववत नाई मले. मंग ज्याईच्या घरी बैल नाई, ते उद्या आपली झूल याच्यावर टाकते. घुंगरमाळ याले बांधते. याले जेऊ घातलं की झाला पोया. पयले एकाददुसरी झूल राहे. यंदा पाहाजा तुमी.’

मी हाताला लागलेलं लोणी धोतराला पुसलं. मला तिचा थोडा रागही आला. नखं सापडल्याच्या क्षणीच तिने हे सांगायला हवं होतं का?

पोळा

सकाळी दुसरी चप्पलही सोडून दिली. पोळ्याला गावातले बरेच जण अनवाणीच होते, त्यामुळे माझ्या भक्तीचं कौतुक झालं. सलीमभाई मुक्कामालाच राहिला होता, जीप बिघडली म्हणून. ती आता मलाही दुरुस्त व्हायला नको होती.

दुपार कलली आणि आखरावर तोरण बांधलं गेलं. बैल आले, शिंगं रंगवलेले, कपाळी बाशिंगं. पण तोरणाखाली रिकामी जागा बरीच होती. मग उरलेले लोक आले, बैलांशिवाय, नुसत्या झुली खांद्यावर टाकून. एकामागून एक ते ओट्यावर चढले. लाल झूल, तिच्यावर हिरवी, आरसे लावलेली, गोधडीची, एक तर जुन्या लुगड्याची. पाखऱ्या दिसेनासा झाला. धोब्याच्या दुकानातून दोन शिंगं बाहेर आल्यासारखं दिसत होतं. गळ्यात घुंगरमाळा मावेनात तेव्हा त्या पंखांना अडकवल्या. मी आदल्या दिवशी ज्या पंखांची पिसं मोजली होती, ते असे कामाला आले.

झडत्या सुरू झाल्या. पोळ्यात एकमेकांवर कुरघोडी करत म्हणायची ही कवनं. पहिलीच माझ्यावर होती:

‘मास्तर आले साताऱ्याचे, चप्पल नेली गाऱ्यानं,
बैलाले म्हनते वाघ हाये, डोकं फिरलं वाऱ्यानं,
भजे खाऊन गप बसा जी, सांगतलं हाये साऱ्यानं...
हर बोला, हर हर महादेव!’

हशा चालला असतानाच टेम्पो आला. त्यातून संग्रहालयाचे साहेब उतरले, तरुण, चष्मेवाले, सोबत दोन हमाल आणि दोरखंड. ढोल थांबला. साहेब गर्दीतून वाट काढत आले आणि माझ्याशी हात मिळवून मोठ्याने म्हणाले, ‘काय सर, आहे ना शरभ? सांगा, की लगेच उचलू.’

सगळं गाव माझ्याकडे पाहायला लागलं. गयाबाई तेवढी पाहत नव्हती. ती पाखऱ्याच्या तोंडाला पुरणपोळी लावत होती आणि दगडी जबड्यावरून तूप ओघळत होतं. माझं व्याख्यान तयार होतं. मुखपृष्ठ तयार होतं. माझा शब्द शेवटचा होता, आयुष्यात पहिल्यांदा.

‘साहेब,’ मी म्हणालो, ‘हा बैल आहे.’

‘पण पंख? फोटोत तर—’

‘वशिंड काढताना पाथरवटाचा हात घसरला.’

‘दोन्ही बाजूंना?’

‘हात एकदा घसरायला लागला की दोन्हीकडे घसरतो.’ मी भूमिती शिकवली आहे. याहून वाईट सिद्धता मी कधी दिलेली नाही.

सलीमभाई मदतीला धावला. ‘साहेब, माया अब्बानं दर पोयाले याच्या पायाले नाल ठोकले हायेत. सारं गाव गवाह हाये. वाघाले कोनी नाल ठोकते का?’

‘नाई ठोकत!’ गाव एका आवाजात म्हणालं. अब्बा दरवर्षी ओट्यावर चढून दगडाच्या पायांवर लाकडी हातोडीने टकटक करीत आणि मानाचा नारळ घेत, हे मला नंतर कळलं. पण त्या क्षणी तो पुरावा मलाही बिनतोड वाटला.

साहेब हसले नाहीत. ते ओट्यावर चढले, खाली बसले आणि झुलींच्या ढिगाखाली त्यांनी हात घातला. लोण्याने गेरू मीच मऊ करून ठेवला होता. त्यांचा हात आत फिरत होता, थांबला, पुन्हा फिरला. त्यांचा चेहरा मी पाहत होतो, आणि अंगठ्याला नख कधी लागलं ते मला त्या चेहऱ्यावर दिसलं. हत्तीही लागला असणार, कारण ते जरा वेळ तसेच बसून राहिले. पुढ्यात गयाबाई हातात पोळी धरून थांबली होती. साहेबांनी ढिगातली एकेक झूल खालपासून वरपर्यंत पाहिली.

मग ते उठले आणि रुमालाने बोटांचं लोणी पुसलं.

‘खूर आहेत,’ ते म्हणाले.

साहेब हमालांना हाताने नको म्हणाले, टेम्पोपर्यंत गेले आणि परत आले. आता ते साहेबासारखं बोलत नव्हते. ‘यंदा आमच्या बाबानं बी जोडी इकली,’ ते गयाबाईला म्हणाले. ‘मायाजवळ झूल नाई, मावशी. टावेल चालते का?’

‘कायले नाई चालत?’ गयाबाई म्हणाली. आणि संग्रहालयाच्या साहेबांनी आपला चौकटीचा टॉवेल सगळ्या झुलींच्या वर नीट अंथरला. ढोल पुन्हा सुरू झाला तेव्हा मी चष्मा पुसत होतो. तर्री खाल्ल्यावर डोळे पुसले होते, तसाच.

टेम्पो पुरणपोळ्या आणि भजी घेऊन परत गेला. दोरखंडाने मग तोरणाची एक बाजू घट्ट बांधली, म्हणजे तोही वाया गेला नाही. दुसऱ्या दिवशी जीप एकदाही न बिघडता धामणगावला पोचली आणि निघताना सलीमभाईने मला चपलांचा नवा जोड दिला. ‘पैदल नाई चालवत तुमाले,’ तो म्हणाला.

सातारा

पुस्तक निघालं. शेवटचं प्रकरण नाही. मुखपृष्ठावर आमच्याच बाजूच्या एका किल्ल्यावरचा शरभ आहे, नाक फुटलेला, जरा रडवेला. बाकीचे शरभवाले अजिबात जळले नाहीत. उलट एकाने सहानुभूतीचा फोन केला. माझ्या टेबलावर मात्र एक फोटो आहे: झुलींचा ढीग, वर टॉवेल, दोन शिंगं. आल्या-गेल्याला मी तो बैल म्हणून दाखवतो. पाखरवाली माझी व्युत्पत्तीही मी कुठे छापलेली नाही, पण ती खरी आहे असं मला आता पक्कं वाटतं.

परवा सकाळी फोन वाजला.

‘मास्तर का जी? मी गयाबाई बोलतो, बोरझरीवाली. आज खांदशेकनी हाये.’

‘हो का? बरे आहात ना सगळे? पाखऱ्या?’

‘मजेत हाये. त्याचं झालं, सांगून आलो त्याले. मंग तुमची याद आली.’ आणि दगडाच्या कानाशी बोलली होती त्याच आवाजात ती म्हणाली, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’

फोन ठेवला तरी मी तिथेच उभा होतो. सौ.ने विचारलं, कोण होतं, म्हणून सगळं सांगितलं. हे आवतण माणसांना देत नाहीत, फक्त बैलांना देतात, हेही सांगितलं.

‘बरोबर ओळखलं त्यांनी,’ सौ. म्हणाली.

जन्मभर शाळेत घासलो, सत्कार झाले, पण एवढा मान मला कोणी दिला नव्हता. गाडी संध्याकाळची असते. पोळा भरायच्या आत पोचता येतं. मी माळ्यावरून बॅग काढली. निवृत्तीच्या वेळी शाळेने दिलेली शाल कपाटात घडी न मोडता पडून होती, ती बॅगेत वरच ठेवली.

‘शाल कशाला?’ सौ.ने विचारलं. ‘तिकडे काय थंडी आहे?’

‘शाल नाही ती,’ मी म्हटलं. ‘झूल आहे.’